नोंद हीच मालकी
डीमॅट खात्यातील समभागांचा व्यवहार कसा चालतो?

सोमवारी सकाळी एखाद्या गुंतवणूकदाराने आपल्या दलालामार्फत एका कंपनीचे ५० समभाग खरेदी केले. मंगळवारी ते त्याच्या डीमॅट खात्यात जमा झाले आणि भ्रमणध्वनीवर तसा संदेशही आला. आता हे समभाग नेमके आहेत कोठे? ते दलालाच्या कचेरीत नाहीत. डीमॅट खाते ज्या बँकेत उघडले, त्या बँकेच्या तिजोरीतही नाहीत. कंपनीने त्यांच्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र छापलेले नाही. ते आहेत एका नोंदवहीत, एका नावापुढे लिहिलेल्या आकड्याच्या रूपाने. आणि कायद्याच्या दृष्टीने तो आकडा म्हणजेच मालकी होय.

ही व्यवस्था देशात रुजून पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये भारतातील डीमॅट खात्यांच्या संख्येने १० कोटींचा टप्पा ओलांडला. तथापि खाते वापरणाऱ्या अनेकांना त्यामागील यंत्रणेची कल्पना नसते. एरवी त्यावाचून काही अडतही नाही. अडते ते दलालाची पेढी अडचणीत आल्यावर, कपाटात जुनी प्रमाणपत्रे सापडल्यावर किंवा घरातील कर्ता माणूस गेल्यावर. अशा वेळी ‘मालक कोण?’ या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत पाहिले जाते. म्हणूनच ही नोंद कोण ठेवतो, ती केव्हा बदलते आणि कोणाच्या आदेशाने बदलते, हे प्रत्येक गुंतवणूकदाराने समजून घेणे अगत्याचे आहे.

कागदाचा काळ

डीमॅटपूर्वी समभाग म्हणजे छापील प्रमाणपत्र. त्यावर भागधारकाचे नाव, फोलिओ क्रमांक आणि प्रत्येक समभागाचा स्वतंत्र अनुक्रमांक असे. विक्री करताना हस्तांतरणपत्र भरून त्यावर स्वाक्षरी करावयाची, मुद्रांक चिकटवावयाचे आणि प्रमाणपत्रासह ते दलालाच्या स्वाधीन करावयाचे. ही कागदपत्रे एका दलालाकडून दुसऱ्याकडे, तेथून खरेदीदाराकडे आणि शेवटी कंपनीच्या भाग-हस्तांतरण विभागाकडे जात. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार हस्तांतरणाची नोंद करून प्रमाणपत्र परत देण्यासाठी कंपनीला दोन महिन्यांची मुदत असे.

या प्रवासात अडथळे अनेक होते. विक्रेत्याची स्वाक्षरी कंपनीकडील नमुन्याशी जुळली नाही, तर कागद परत येत. त्याला बाजारात ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणत. प्रमाणपत्रे टपालात गहाळ होत, चोरीस जात आणि बनावटही निघत. पैसे पूर्ण दिले आहेत, परंतु कंपनीच्या दफ्तरी नाव अद्याप विक्रेत्याचेच आहे, अशा अवस्थेत खरेदीदाराचे महिने जात. दरम्यान जाहीर झालेला लाभांश किंवा बक्षीस समभाग जुन्या मालकाच्या नावे निघत आणि ते मिळविण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागे. छोट्या गुंतवणूकदारास आणखी एक जाच होता. बाजारात व्यवहार ५० किंवा १०० च्या लॉटमध्ये होत असल्याने बक्षीस वा हक्क समभागांतून हाती आलेल्या सुट्या समभागांना योग्य भाव मिळत नसे.

नव्वदच्या दशकात बाजाराचा व्याप वाढला, तेव्हा ही पद्धत अपुरी पडू लागली. राष्ट्रीय शेअर बाजाराने नोव्हेंबर १९९४ मध्ये संगणकाच्या पडद्यावर समभागांचे व्यवहार सुरू केले आणि १८७५ मध्ये स्थापन झालेला मुंबई शेअर बाजारही १९९५ मध्ये त्याच वाटेने गेला. सौदा आता काही क्षणांत होऊ लागला, परंतु त्याची पूर्तता मात्र कागदांच्या गठ्ठ्यांनीच होत होती. खरेदी-विक्रीचा वेग आणि मालकी बदलण्याचा वेग यांतील हे अंतर मिटविणे अपरिहार्य झाले.

१९९६ चा कायदा आणि नवी नोंदवही

सप्टेंबर १९९५ मध्ये वटहुकूम निघाला आणि पुढील वर्षी संसदेने डिपॉझिटरी कायदा संमत केला. त्यान्वये नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी लिमिटेड, म्हणजेच एनएसडीएल, ही देशातील पहिली डिपॉझिटरी नोव्हेंबर १९९६ मध्ये कार्यान्वित झाली. भारतीय औद्योगिक विकास बँक, युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया आणि राष्ट्रीय शेअर बाजार हे तिचे प्रवर्तक होते. १९९९ मध्ये सेंट्रल डिपॉझिटरी सर्व्हिसेस, अर्थात सीडीएसएल, ही दुसरी डिपॉझिटरी सुरू झाली. सेबीने निवडक समभागांचे व्यवहार केवळ डीमॅट स्वरूपात करण्याचे बंधन १९९८ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांवर आणि जानेवारी १९९९ पासून सर्वच गुंतवणूकदारांवर घातले. ही यादी नंतर वाढत गेली.

या कायद्याचा गाभा एका विभागणीत आहे. हस्तांतरण घडवून आणण्यापुरती डिपॉझिटरी ही ‘नोंदणीकृत मालक’ मानली जाते. परंतु तिला त्या समभागांवर मतदानाचा किंवा अन्य कोणताही हक्क नाही. सर्व हक्क, सर्व लाभ आणि सर्व दायित्वे ‘लाभार्थी मालका’ची, म्हणजे ज्याच्या नावे डीमॅट खाते आहे त्या गुंतवणूकदाराची असतात. कंपनी कायदा त्यालाच कंपनीचा सभासद मानतो, आणि डिपॉझिटरीने ठेवलेली लाभार्थी मालकांची यादी ही कंपनीच्या सभासद-नोंदवहीचाच भाग समजली जाते.

कायद्याने आणखी एक गोष्ट केली. डीमॅटमधील समभागांना स्वतंत्र अनुक्रमांक राहिले नाहीत. बँकेत भरलेली विशिष्ट क्रमांकाची नोट परत मिळेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही, तेवढ्या मूल्याची कोणतीही नोट चालते. तसेच एका कंपनीचे एका प्रकारचे सर्व समभाग आता एकसारखे आहेत. त्यामुळे लॉटची अट उरली नाही आणि एक समभागही विकता येऊ लागला.

यंत्रणेतील घटक

डिपॉझिटरी गुंतवणूकदाराशी थेट व्यवहार करीत नाही. तिचे प्रतिनिधी म्हणून ‘डिपॉझिटरी पार्टिसिपंट’, संक्षेपाने डीपी, काम करतात. बँका, वित्तसंस्था आणि दलाल पेढ्या सेबीकडे नोंदणी करून डीपी होऊ शकतात. खाते उघडणे, आदेश स्वीकारणे, विवरणपत्र देणे ही कामे डीपीची. समभागांची नोंद मात्र डिपॉझिटरीच्या दफ्तरी गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या नावे असते. हा भेद फार महत्त्वाचा आहे. बचत खात्यातील ठेव हे बँकेने ठेवीदारास द्यावयाचे देणे असते आणि ती रक्कम बँक कर्जाऊ देऊ शकते. डीमॅट खात्यातील समभाग हे डीपीचे देणे नव्हे आणि त्याची मालमत्ताही नव्हे. डीपीने व्यवसाय बंद केला, तरी खातेदार आपले समभाग दुसऱ्या डीपीकडील खात्यात हलवू शकतो. डिपॉझिटरीच्या किंवा डीपीच्या निष्काळजीपणामुळे लाभार्थी मालकाचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची जबाबदारी कायद्याने डिपॉझिटरीवर टाकली आहे.

प्रत्येक डीमॅट खात्याचा क्रमांक १६ स्थानांचा असतो. सीडीएसएलमध्ये ते सर्व अंक असतात, तर एनएसडीएलमध्ये आरंभी ‘आयएन’ ही अक्षरे येतात. पहिली आठ स्थाने डीपीची आणि उरलेली आठ खातेदाराची. प्रत्येक रोख्यालाही १२ स्थानांचा एक आंतरराष्ट्रीय संकेतांक असतो. त्याला ‘आयसिन’ म्हणतात. एकाच कंपनीचे समभाग आणि कर्जरोखे यांचे आयसिन वेगवेगळे असतात. डीपीला कोणताही आदेश देताना कंपनीच्या नावाबरोबर आयसिन पडताळून पाहावा, याचे कारण हेच.

चौथा घटक म्हणजे कंपनीने नेमलेला निबंधक व हस्तांतरण प्रतिनिधी, व्यवहारात ज्याला आरटीए म्हणतात. कंपनीचे एकूण समभाग आणि दोन्ही डिपॉझिटरींतील व कागदी स्वरूपातील समभागांची बेरीज यांचा मेळ सतत राखला जातो. नोंदीतून समभाग ‘निर्माण’ होऊ नयेत, यासाठी हा ताळा आवश्यक असतो.

एका सौद्याचा प्रवास

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळता येईल. सोमवारी ४०० रुपये भावाने ५० समभागांची खरेदी झाली, म्हणजे २०,००० रुपयांचा सौदा झाला. या दिवसाला ‘टी’ म्हणजे सौद्याचा दिवस म्हणतात. खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ओळखण्याचे कारणही नसते. सौदा होताच क्लिअरिंग कॉर्पोरेशन ही संस्था दोघांच्या मध्ये उभी राहते. ती विक्रेत्याच्या दृष्टीने खरेदीदार असते आणि खरेदीदाराच्या दृष्टीने विक्रेता. एका बाजूने हात वर केले, तरी दुसऱ्या बाजूची पूर्तता करण्याची हमी तिची असते. या हमीसाठीच ती दलालांकडून अगाऊ मार्जिन घेते.

दिवसअखेर प्रत्येक सभासदाचे देणे-घेणे एकत्र करून निव्वळ आकडा काढला जातो. धनादेशांच्या समाशोधनात बँका परस्परांच्या रकमा वजा करून शेवटचा फरकच चुकता करतात, तसाच हा प्रकार आहे. पुढील कामकाजाच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी सकाळी, विक्रेत्यांकडील समभाग आणि खरेदीदारांकडील पैसे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे येतात. याला ‘पे-इन’ म्हणतात. त्याच दिवशी समभाग खरेदीदारांकडे आणि पैसे विक्रेत्यांकडे रवाना होतात. ते ‘पे-आउट’ होय. या क्षणी डिपॉझिटरीच्या नोंदवहीत विक्रेत्याच्या नावापुढील आकडा ५० ने कमी होतो, खरेदीदाराच्या नावापुढील आकडा ५० ने वाढतो आणि मालकी बदलते. सोमवारी झाला तो करार आणि मंगळवारी बदलली ती मालकी, हा फरक पुढे लाभांशाच्या संदर्भात उपयोगी पडतो.

एका दिवसाच्या या अंतरापर्यंत बाजार टप्प्याटप्प्याने आला आहे. पूर्वी आठवडाभराचे सौदे एकत्र करून मग पूर्तता होई. राष्ट्रीय शेअर बाजाराचा आठवडा बुधवार ते मंगळवार, तर मुंबई शेअर बाजाराचा सोमवार ते शुक्रवार असे. २००१ मध्ये प्रत्येक दिवसाच्या सौद्यांची स्वतंत्र पूर्तता करण्याची पद्धत आली. तेव्हा मुदत पाच दिवसांची होती. १ एप्रिल २००२ पासून ती तीन दिवसांवर आणि १ एप्रिल २००३ पासून दोन दिवसांवर आली. फेब्रुवारी २०२२ पासून बाजारमूल्याने लहान असलेल्या कंपन्यांपासून आरंभ करून एक दिवसाची पद्धत लागू होत गेली आणि २७ जानेवारी २०२३ रोजी ती सर्व समभागांसाठी पूर्ण झाली. मार्च २०२४ मध्ये त्याच दिवशी पूर्तता करण्याचा ऐच्छिक प्रयोगही २५ कंपन्यांच्या समभागांपासून सुरू झाला.

मुदत जितकी कमी, तितका एखाद्या पक्षाने मध्येच असमर्थ ठरण्याचा धोका कमी. विक्रेत्याने समभाग दिलेच नाहीत, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन लिलावाने ते बाजारातून मिळविते आणि खर्च कसूर करणाऱ्याकडून वसूल करते. लिलावातही समभाग मिळाले नाहीत, तर ठरलेल्या सूत्रानुसार खरेदीदारास रोख भरपाई मिळते.

खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. प्रत्यक्ष समभाग घेण्याच्या व्यवहारावर रोखे व्यवहार कर ०.१ टक्का आहे, म्हणजे २०,००० रुपयांवर २० रुपये. १ जुलै २०२० पासून देशभर एकसमान असलेले ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क खरेदीदारावर पडते, म्हणजे ३ रुपये. याखेरीज दलाली आणि अन्य किरकोळ आकार असतात.

मधल्या थांब्याचा धोका

यंत्रणेत अनेक वर्षे एक मधला थांबा होता. पे-आउटचे समभाग आधी दलालाच्या सामायिक खात्यात येत आणि तेथून ग्राहकाच्या खात्यात जात. मार्जिनपोटी दिलेले समभागही दलालाच्या ताब्यातील खात्यात ठेवले जात. या काळात नोंदवहीत नाव ग्राहकाचे नसे. मोठ्या प्रमाणावर दिलेले मुखत्यारपत्र ही वाट आणखी सोपी करीत असे.

त्याचे परिणाम २०१९ मध्ये देशाने पाहिले. एका मोठ्या दलाल पेढीने ग्राहकांचे समभाग स्वतःच्या डीमॅट खात्यात हलवून ते बँका व वित्तसंस्थांकडे गहाण टाकल्याचे सेबीने नोव्हेंबर २०१९ च्या आदेशात नमूद केले. पुढील महिन्यात ८२ हजारांहून अधिक ग्राहकांच्या खात्यात समभाग परत जमा करण्यात आले. ग्राहकांनी आपण मालक आहोत असे गृहीत धरले होते, आणि नैतिकदृष्ट्या ते खरेही होते. परंतु नोंद दुसऱ्याच्या खात्यात गेली होती, म्हणूनच गहाणाचा तो व्यवहार होऊ शकला.

यानंतरच्या सुधारणांचा रोख एकच आहे : समभाग मालकाच्या नावाखालून हलता कामा नयेत. १ सप्टेंबर २०२० पासून मार्जिनपोटी द्यावयाचे समभाग ग्राहकाच्याच खात्यात राहतात. त्यांवर केवळ गहाणाची नोंद होते, आणि तीही ग्राहकाने भ्रमणध्वनीवरील सांकेतिक क्रमांकाने मान्यता दिल्यावर. नोव्हेंबर २०२२ पासून विकलेले समभाग पूर्ततेपर्यंत विक्रेत्याच्याच खात्यात राखून ठेवले जातात. सौदा झाला नाही, तर ते पुन्हा मोकळे होतात. सर्वव्यापी मुखत्यारपत्राची जागा २०२२ मध्ये मर्यादित अधिकार देणाऱ्या ‘डीडीपीआय’ या दस्तऐवजाने घेतली. तो देणेही ऐच्छिक असून, न दिल्यास प्रत्येक विक्रीला स्वतंत्र मान्यता देता येते. २०२५ पासून तर पे-आउटचे समभाग क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डीमॅट खात्यात जमा होऊ लागले. खरेदीची रक्कम येणे बाकी असल्यास त्यांवर दलालाच्या बाजूने गहाणाची नोंद राहते, परंतु नाव ग्राहकाचेच असते.

नोंदवहीला नाव कळते, ते नाव खऱ्या माणसाचे आहे किंवा नाही हे कळत नाही. २००३ ते २००५ या काळातील प्रारंभिक भागविक्रीत छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखीव असलेले समभाग हजारो बेनामी डीमॅट खात्यांमार्फत बळकावले गेल्याचे सेबीच्या चौकशीत उघड झाले. एप्रिल २००६ पासून नव्या डीमॅट खात्यास पॅन अनिवार्य झाला. शाखेत खाते उघडताना ओळख आणि पत्ता यांच्या पुराव्यासाठी होणारा आग्रह काही ग्राहकांना त्रासदायक वाटतो. त्यामागील कारण मात्र असे आहे.

मालकीचे हक्क आणि ‘रेकॉर्ड डेट’

लाभांश, बक्षीस समभाग, हक्क समभाग किंवा समभागांचे विभाजन जाहीर करताना कंपनी एक दिनांक ठरविते. त्या दिवशी डिपॉझिटरीच्या यादीत ज्याचे नाव असेल, त्यालाच लाभ मिळतो. मालकी सौद्याच्या दुसऱ्या दिवशी बदलते, म्हणून या दिनांकाच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी झालेली असली पाहिजे. त्या दिनांकास केलेली खरेदी उशिराची ठरते. उलट, त्या दिवशी विक्री करणाऱ्याचे नाव यादीत असतेच, म्हणून लाभ त्याला मिळतो.

लाभांशाची रक्कम डीमॅट खात्याशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. बँक खाते बदलले, परंतु डीपीकडे ती नोंद केली नाही, तर लाभांश अडकतो. बक्षीस समभाग डीमॅट खात्यात आपोआप येतात. कंपनीच्या ठरावांवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घरबसल्या मतदान करता येते. हा हक्क फार थोडे छोटे भागधारक वापरतात, परंतु तो मालकीचाच एक भाग आहे.

नव्या भागविक्रीतही नोंदीचेच तत्त्व आहे. २००८ मध्ये आलेल्या आणि जानेवारी २०१६ पासून अनिवार्य झालेल्या ‘अस्बा’ पद्धतीत अर्जाची रक्कम खात्यातून जात नाही. ती केवळ राखून ठेवली जाते. समभाग मिळाले तरच रक्कम वळती होते. तोपर्यंत पैसे ठेवीदाराचे राहतात आणि बचत खात्यावरील व्याजही चालू राहते.

कपाटातील जुनी प्रमाणपत्रे

आजही अनेक घरांत जुन्या कंपन्यांची प्रमाणपत्रे जपून ठेवलेली आढळतात. त्यांची मालकी नष्ट झालेली नाही, परंतु तिची उपयुक्तता गोठली आहे. सूचीबद्ध कंपन्यांच्या कागदी समभागांचे हस्तांतरण १ एप्रिल २०१९ पासून बंद झाले. जानेवारी २०२२ पासून दुय्यम प्रमाणपत्र किंवा वारसाच्या नावे नोंद यांसारख्या मागण्याही डीमॅट स्वरूपातच पूर्ण केल्या जातात. तेव्हाच्या नियमांनुसार कंपनीकडून मिळणारे पुष्टिपत्र १२० दिवसांच्या आत डीपीकडे सादर करावे लागे.

प्रमाणपत्रे डीमॅट करण्यासाठी डीपीकडे विनंती अर्ज आणि मूळ प्रमाणपत्रे द्यावी लागतात. डीपी त्यांवर रद्दतेची खूण करून ती आरटीएकडे पाठवितो. पडताळणीनंतर तेवढेच समभाग खात्यात जमा होतात. खरा अडथळा येतो तो नावाचा. प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आणि पॅनवर सासरचे, किंवा एका ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ आद्याक्षर, असे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र असा पुरावा द्यावा लागतो. संयुक्त धारणेत नावांचा क्रम डीमॅट खात्यातील क्रमाशी जुळावा लागतो. स्वाक्षरी बदलली असेल, तर विहित नमुन्यावर बँकेच्या अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घेता येते.

या कामात दिरंगाई परवडणारी नाही. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही, तर ते समभाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी प्राधिकरणाकडे वर्ग होतात. ते परत मिळविता येतात. मात्र कंपनीकडून हक्कपत्र घेणे, ठरावीक अर्ज भरणे आणि त्याची छाननी होणे यात बराच काळ जातो. ही तरतूद डीमॅट समभागांनाही लागू असल्याने बँक खात्याचा तपशील अद्ययावत ठेवणे हाच त्यावर सोपा उपाय आहे.

मालकानंतर कोण?

संयुक्त खात्यातील एका धारकाचे निधन झाल्यास समभागांची नोंद हयात धारकांच्या नावे होते. एकट्याचे खाते असल्यास आणि नामनिर्देशन केलेले असल्यास मृत्यूचा दाखला आणि अर्ज देऊन समभाग नामनिर्देशित व्यक्तीकडे जातात. नामनिर्देशन नसल्यास वारस दाखला, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्रे अशी लांबलचक वाट चालावी लागते. २०२५ च्या नियमांनुसार दहा व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करून प्रत्येकाचा हिस्साही ठरविता येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही आपोआप अंतिम मालक होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालाने ती मालक होते असे म्हटले होते. परंतु त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये तो विचार नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये खंडपीठाचे मत कायम केले. नामनिर्देशनामुळे कंपनी आणि डिपॉझिटरी यांना समभाग कोणाच्या हाती द्यावयाचे हे कळते. अंतिम वाटणी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच होते. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र या दोन्ही गोष्टी कराव्यात आणि त्यांत विसंगती नसावी.

खातेदाराची दक्षता

नोंद हीच मालकी असल्यामुळे नोंदीवर लक्ष ठेवणे हे मालकाचे पहिले कर्तव्य ठरते. त्यासाठी पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित विवरणपत्र प्रत्येक वेळी वाचावे. दलालाच्या संगणकीय पानावर दिसणारी शिल्लक आणि डिपॉझिटरीचे विवरणपत्र यांचा मेळ घालावा. दोहोंत फरक असल्यास डिपॉझिटरीची नोंद प्रमाण मानावी आणि त्वरित विचारणा करावी. दोन्ही डिपॉझिटरींच्या संकेतस्थळांवर खातेदारास आपली शिल्लक स्वतः पाहता येते.

खात्यावर स्वतःचाच भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल नोंदवावा, दलालाच्या कर्मचाऱ्याचा किंवा ओळखीच्या माणसाचा नव्हे. सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नये. समभाग हलविण्याचा तो आदेशच असतो.

समभाग हस्तांतरणाच्या आदेशपत्रांची पुस्तिका धनादेश पुस्तिकेप्रमाणे कुलूपबंद ठेवावी. कोऱ्या आदेशपत्रावर स्वाक्षरी करणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर स्वाक्षरी करणे होय. दीर्घकाळ परगावी किंवा परदेशी राहावयाचे असल्यास डीपीकडे अर्ज देऊन खाते तात्पुरते गोठविता येते.

छोट्या गुंतवणूकदाराने खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. एकच डीमॅट खाते असलेल्यास ‘मूलभूत सेवा डीमॅट खाते’ घेता येते. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार धारणमूल्य ४ लाख रुपयांपर्यंत असल्यास अशा खात्याला वार्षिक देखभाल आकार नाही आणि ४ ते १० लाखांपर्यंत तो कमाल १०० रुपये आहे. तक्रार असल्यास प्रथम डीपीकडे, नंतर डिपॉझिटरीकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास सेबीच्या ‘स्कोअर्स’ या संगणकीय तक्रार व्यवस्थेकडे दाद मागता येते.

एकेकाळी प्रमाणपत्र कपाटात ठेवून निश्चिंत राहता येत असे. कागद जीर्ण होई, चोरीस जाई, परंतु तो डोळ्यांसमोर असे. नोंद जीर्ण होत नाही आणि टपालातही हरवत नाही. ती आपल्या नावे आहे किंवा नाही, हे मात्र विवरणपत्र उघडून पाहिल्याखेरीज कळत नाही. महिन्यातून दहा मिनिटे त्यासाठी काढणे, हा आपल्या गुंतवणुकीच्या रक्षणाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.